पेव

हरिपूरच्या पेवांत उतरायचे आण्णा.
आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
ज्योत विझली तर आत वाईट हवा,
मग तोंड उघडं टाकून काठावर बसून राहायचं, अर्धा दिवस.
ज्योत तगली, तर माणूस उतरणार.
पुरात पेवं बसली,
आणि आण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात
रात्रपाळीचे वॉचमन झाले.

डोळे पिवळे झालेले कुणालाच कळलं नाही.
हळदीच्या यार्डात कोण पिवळं नसतं?
कॉलर पिवळी, नखं पिवळी, थुंकीसुद्धा.
आईनं उशीचा अभ्रा दोनदा धुतला
आणि हळदीलाच बोल लावला.

मग मिरज. सोनोग्राफी, सुईनं काढलेला तुकडा.
गल्लीत जो तो हळूच विचारायचा, "घेत होते का?"
जिनगोंडा चौगुले. कांदा कधी खाल्ला नाही,
रात्रपाळीतसुद्धा दिवस मावळल्यावर फक्त पाणी.
किती जणांना सांगितलं मी:
हिपॅटायटिस बी. बहुतेक लहानपणी,
एकाच सुईनं अख्खी शाळा टोचून काढली असेल तेव्हा.

मगदूम डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं.
विषाणू स्वतः फारसं काही मोडत नाही,
पेशीत शिरून बसतो, भाडं न देता.
मोडतात ते आपलेच, त्याला हुडकायला आलेले.
दार फोडतात, भिंत पाडतात,
मग कुणीतरी घाईनं गिलावा मारतं.
पुन्हा फोडाफोडी, पुन्हा गिलावा,
चाळीस वर्षं.
शेवटी भिंत कमी, गिलावाच जास्त.
"आणि पहारेकरी दमतात, आण्णा. त्यांना झोप लागते."

इथं आण्णा पहिल्यांदा बोलले.
"झोप न्हाई, बाई. सवय लागती.
आतड्याकडनं येणारं समदं ह्या लिव्हरातनंच जातंय म्हणालात न्हवं?
आमच्याकडं रात्रीत दोनशे गाड्या.
हरेकाला शिट्टी मारली तर यार्ड चालंल व्हय?
बरंचसं बघून बी सोडायचं असतंय. तीच नोकरी हाय.
आन खरा चोर भाईरनं येत न्हाई.
त्येच्याकडं यार्डाचाच बिल्ला असतोय."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

येताना बसमध्ये मी शब्द चाचपत होते.
यकृत, हा शाळेतल्या तक्त्यावरचा.
खाटकाकडं त्यालाच काळीज म्हणतात, त्या बाजूला आम्ही कधी गेलो नाही.
आमचं काळीज छातीत धडधडायचं,
लेकीसाठी तुटायचं, वाघाचं असायचं.
उजव्या बरगडीखाली ते गप बसलेलं असतं
आणि न दुखता जातं,
हे कुणी सांगितलंच नाही.
पेव फुटलं म्हणतो आपण, क्लासेसचं, पतसंस्थांचं.
रिपोर्टात लिहिलं होतं: गाठी, अनेक.

आता दर तीन आठवड्यांनी सलाईन.
औषध गाठीला मारत नाही म्हणे.
पहारेकऱ्याच्या तोंडावर कुणीतरी दाबून धरलेला हात
तेवढा बाजूला करतं.
पुढचं त्याच्यावर. चोराला धरेल,
नाहीतर घरच्यांनाच बडवेल.
दोन्ही त्या कागदावर छापलेलं होतं.
मी सही केली.

दुसऱ्या सलाईननंतर अंगभर पुरळ.
रात्री दोन वाजता आण्णा ओट्यावर, दंड खाजवत.
मी फोनमध्ये बाईंचा नंबर शोधतेय,
आई खोबरेल आणायला आत गेलीय.
"असू दे गं," आण्णा म्हणतात.
नखांत अजून हळद आहे, जरा रक्तही.
"ज्योत तगलीया. आत कोण तरी जागं हाय."

खोबरेल थंडीनं गोठलंय.
आई बाटली दोन्ही तळहातांत धरून बसते,
सुटेपर्यंत.
स्कॅन गुरुवारी आहे.